दारामागचे आकडे

आमचे आतोबा कुणाच्याही घरी गेले की लगेच बसत नसत. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं, खांद्यावरच्या कापडी पिशवीतून लाकडी मुठीचं एक यंत्र काढायचं आणि घरातल्या बाईमाणसाला सांगायचं, "माठातलं जरा पाणी द्या. प्यायला नको, वातीला." यंत्रात शेजारी-शेजारी दोन थर्मामीटर. एकाच्या टोकाला सुती वात, ती माठाच्या पाण्यात भिजवायची, दुसरा कोरडाच. मग मूठ धरून ते यंत्र जत्रेतल्या खुळखुळ्यासारखं गरागरा फिरवायचं. घरातली मांजर पळायची, यजमान डोकं सांभाळत मागे सरायचे. मिनिटभरानं आतोबा चष्मा कपाळावर चढवून आकडे वाचायचे, कानावरची पेन्सिल काढायचे आणि बाहेरच्या दारामागच्या भिंतीवर, दार उघडं असलं की जी झाकली जाते तिथे, तारीख घालून लिहायचे: सूखा इतका, गीला इतका. एवढं झाल्यावर खुर्चीत बसून म्हणायचे, "हं, आता आणा. पहिले हवा, मग चहा."

आतोबा म्हणजे माझ्या सुमनआत्याचे यजमान. इंदूरच्या एका कापड मिलमध्ये हवेच्या खात्यात होते. हवेचं खातं म्हटलं की लोक हसायचे, मीही हसलोय. पण कोरड्या हवेत मागावरचा सुती धागा पटापट तुटतो, म्हणून विणाईच्या शेडमध्ये हवा ओलसर ठेवावी लागते. मिलच्या तलावाचं पाणी पंपानं वर घ्यायचं, त्याच्या फवाऱ्यातून हवा ओढून शेडमध्ये सोडायची आणि दर दोन तासांनी ते यंत्र फिरवून हवा किती कोरडी, किती ओली हे बघायचं, हे आतोबांचं काम. दोन आकड्यांत जितकं अंतर जास्त, तितकी हवा कोरडी. कामगार त्या यंत्राला भिंगरी म्हणत.

मग ती नव्या हवेची वर्षं आली. शहरात रंगीत टीव्ही आणि परदेशी शीतपेयं आली आणि मिली एकेक करून बंद पडल्या. आतोबांची बंद झाली तेव्हा जो तो काही ना काही उचलून घरी नेत होता. आतोबांनी भिंगरी आणली. "मिलनं माझी सगळी उमेद ठेवून घेतली, मी तिची भिंगरी ठेवून घेतली. बरोबर बोलून राहिलो ना मी?" असं ते विचारायचे, आणि उत्तराची वाट न बघता पुढे बोलायचे. त्यांना पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात फाटकावर बसायचं काम मिळालं. शेडभर हवेचा हिशेब ठेवणारा माणूस लोकांच्या डब्यांच्या पिशव्या तपासू लागला. तेव्हापासून त्यांनी घरं मोजायला घेतली.

मिलच्या भिंतीला लागून परदेशीपुऱ्यात त्यांची गल्ली होती. त्या गल्लीतल्या घराघरांत दारामागे त्यांचे आकडे होते. दर वर्षी मे महिन्यात, दुपारी तीनला, त्याच जागी उभं राहून नवी ओळ. दिवाळीला रंग काढताना दारामागची हातभर जागा सोडायची असा त्या गल्लीत रिवाजच पडून गेला. एका सिंधी शेजाऱ्यानं विसरून ती पोतली, तर आतोबा दोन महिने त्याच्याशी बोलले नाहीत. "ते तुमच्या घराचं बालपण होतं," म्हणाले, "त्यावर चुना मारला तुम्ही."

रागीट होते. पण माणसांवर त्यांचा राग ओघानं यायचा. मुळात तो बांधकामांवर असायचा. कुणी कवेलू, म्हणजे आपली कौलं, उतरवून सिमेंटचे पत्रे टाकले की म्हणायचे, "आता बघा. पत्र्याखाली दुपार काढलेला माणूस संध्याकाळी बायकोशी भांडतो, आणि समजतो की बायकोच वाईट." पश्चिमेच्या भिंतीत मोठी काच लावलेलं दुकान दिसलं की रस्त्यावर थांबून आत डोकावत. "यांनी भट्टी काढली आहे का? नाही, कपडे विकायला बसले आहेत." दुकानदार विचारी, "क्या चाहिए, दादा?" आतोबा म्हणत, "छाँव."

माझं लग्न ठरवायला आम्ही देपालपूरला गेलो तेव्हा मी आत्याला हात जोडून सांगितलं होतं की भिंगरी घरी ठेवायला लाव. मुलीचे वडील शाळामास्तर, मातीच्या जाड भिंतींचं घर, वर कवेलू. पोहे आले, मुलगी आली, सगळे ताठ बसले आणि आतोबा उठले. पिशवीत हात. मुलीच्या आईला वाटलं, हा काही उताऱ्याचा प्रकार आहे. त्या देवघराकडे धावल्या. ज्या मुलीकडे मी अजून नीट पाहिलंही नव्हतं, तिनं मात्र शांतपणे माठातलं पाणी वाटीत आणून दिलं. भिंगरी फिरली, आकडे दारामागे गेले. आतोबा म्हणाले, "मास्तर, घर पास आहे. इतक्या गार घरात वाढलेली पोर चिडकी नसेल." अलकाशी माझं लग्न झालं. आतोबांचा तो एकच निष्कर्ष चुकला, असं मी आजवर लोकांना सांगतो आणि अलका न चिडता तो खरा करून दाखवते.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, आणि इथून मला हसू आणणं अवघड आहे.

मी एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात नकाशे काढायचो. मला घेतलं ते माझ्या अक्षरासाठी. सरळ उभी, चौकोनी, एका मापाची अक्षरं. शिरोरेघ पट्टीनं ओढल्यासारखी. आमचे बॉस, ज्यांना सगळे सरजी म्हणत, गिऱ्हाइकांना माझे नकाशे दाखवून म्हणायचे, "टाइप नहीं है, हाथ है लड़के का." आतोबाही सांगत फिरायचे, "आमच्या सुध्याचं अक्षर म्हणजे छापखाना." लाडात असले की मी सुध्या. रागात असले की भिया. इंदूरमध्ये भिया जो तो ज्याला-त्याला म्हणतो, पण आतोबांच्या तोंडून तो ऐकला की मी सावरून उभा राहायचो.

तर आमच्या ऑफिसला मोठं काम मिळालं. बंद मिलच्या जमिनीवर नवी वसाहत आणि बाजाराची इमारत, सगळ्याचा मास्टरप्लॅन. मिल आतोबांची. फाइलीला एक पत्रक जोडायचं होतं: जागेवर झाडं किती, उतार कुठे, वारा कुठला, पाण्याचा साठा आहे का. पाहणी झाली होती मे महिन्याच्या शेवटी. मिल बंद पडल्यापासून तलावात पाणी आणणाऱ्या नाल्याचा गाळ कुणी काढला नव्हता, त्यामुळे मेमध्ये तिथे भेगाळलेली माती आणि चार बकऱ्या एवढंच होतं. पाहणीवाल्यांनी लिहिलं, 'खोलगट जागा, भराव आवश्यक.' सरजी म्हणाले, "सुधीर, पानीवाले कॉलम में निरंक लिख दे." निरंक म्हणजे आमच्याकडच्या सरकारी भाषेत, काही नाही. मी लिहिलं. चौकोनी अक्षरात, शिरोरेघ सरळ.

एका रविवारी तो नकाशा मी घरी पूर्ण करत बसलो होतो. आतोबा पोहे-जलेबीचा पुडा घेऊन आले. त्या दिवशी भिंगरी बाहेर यायच्या आधीच त्यांची नजर टेबलावर गेली. चष्मा कपाळावर, बोट नकाशावर. शेड ओळखली, चिमणी ओळखली, आपली गल्ली ओळखली. मग बोट थांबलं.

"तलाव कुठे आहे?"

"आतोबा, मेमध्ये पाहणी झाली. तेव्हा कोरडा होता."

"पत्रक दाखव."

मी दाखवलं. त्यांनी ते धरलं, बराच वेळ त्या एका शब्दाकडे पाहिलं, आणि आवाज न चढवता विचारलं, "तू पोहायला कुठे शिकला रे भिया? निरंकमध्ये?"

त्या तलावात पोहायला मला आतोबांनीच शिकवलं होतं. पोटाखाली हात धरून. मी नाकातोंडात पाणी जाऊन रडलो होतो, आणि काठावर बसलेली मिलमधली माणसं हसली होती. हे मला निरंक लिहिताना आठवलं नव्हतं, असं मी अलकाला सांगितलं. ते खोटं आहे. आठवलं होतं. पण मी त्या कामाचा प्रमुख होणार होतो, नवी फुलपँट शिवली होती, आणि सरजींनी त्याच वसाहतीत स्टाफसाठी एक फ्लॅट धरून ठेवू म्हटलं होतं. माणूस एवढ्यात विकला जातो. मला वाटायचं, त्याला बरंच काही लागत असेल.

आतोबा पोहे खाऊन गेले नाहीत. जाताना म्हणाले, "सुनावणी आहे ना या प्लॅनची? मी येतो. तूही ये. जास्त काही करायचं नाही. विचारलं तर एवढंच म्हणायचं की तलाव आहे."

त्या दिवसापासून सुनावणीपर्यंत ते गल्लीतल्या दारादारांमागे फिरले. सगळे आकडे एका वहीत उतरवले, घरागणिक पान. एक थर्मामीटर याच गडबडीत फुटला, तर त्याच मापाचा मिळवायला त्यांनी सियागंजचा बाजार पायी पालथा घातला. आत्या सांगायची, "जेवणाकडे लक्ष नाही. म्हणतात, मिल गेली तेव्हा मला कोणी विचारलं नाही, या वेळी निदान विचारायला तरी बोलावलं आहे."

सुनावणी एका मोठ्या हॉलमध्ये झाली. मी नकाशाची गुंडाळी मांडीवर घेऊन सरजींच्या शेजारी बसलो होतो. आतोबा समोरच्या बाजूला, इस्त्रीचा सदरा, कानावर पेन्सिल. त्यांची पाळी आली. ते उभे राहिले आणि वही उघडून गल्लीचे आकडे वाचू लागले. तलावाच्या जवळचं घर, लांबचं घर, मिल बंद झाल्याचं पहिलं वर्ष, यंदाचं वर्ष. माझ्या आजवरच्या कामात कुठल्याही वसाहतीचा इतका प्रामाणिक अभ्यास मी दुसरा पाहिला नाही, आणि तो एका फाटकावर बसणाऱ्या माणसानं पेन्सिलीनं केला होता.

अधिकारी सभ्य होते. म्हणाले, "दादा, थर्मामीटर की बात यहाँ नहीं है. नक्शे में तालाब है ही नहीं."

"साहब," आतोबा म्हणाले, "मई में तालाब मरता नहीं, नीचे उतर जाता है. हमारी गली का हैंडपंप चला के देख लो."

हॉलमध्ये थोडं हसू पसरलं. अधिकाऱ्यांनी आमच्याकडे पाहिलं. "नक्शा किसने बनाया?" सरजींनी माझ्याकडे हात केला. मी उभा राहिलो. "तालाब है क्या वहाँ?"

समोर आतोबा माझ्याकडे पाहत होते. रागानं नव्हे. पोहायला शिकवताना पोटाखालचा हात काढायच्या आधी ते तसेच बघत असत.

मी म्हणालो, "सर, सर्वे में नहीं है."

बघा, शब्दन् शब्द खरा होता. कुणीही माझ्यावर बोट ठेवू शकणार नाही. मीच ठेवतो, रोज.

जिन्यात ते मला भेटले. वही पिशवीत ठेवत होते. म्हणाले, "उत्तर बरोबर दिलं भिया. शाळेत पूर्ण मार्क मिळाले असते." आणि कठड्याला न धरता उतरून गेले.

तलाव बुजवला तो मिलच्याच विटांनी. आधी शेड पाडल्या. त्या शेडच्या छपरांचे करवतीसारखे दाते उत्तरेकडे उघडे होते, म्हणजे दिवसभर उजेड येई आणि ऊन येत नसे. ज्यांनी ते बांधले त्यांच्याकडे कुठलं प्रमाणपत्र नव्हतं. शेडच्या जागी पश्चिमेला तोंड करून काचेची पाच मजली बाजाराची इमारत उभी राहिली, आणि आतला उकाडा बाहेर टाकायला तिच्या मागच्या अंगाला वातानुकूलन यंत्रांची रांग बसवली. मागचं अंग म्हणजे परदेशीपुऱ्यातली ती गल्ली. दुकानातली बाई स्वेटर घालून साडी दाखवते आणि तिची गरमी आमच्या आत्याच्या स्वयंपाकघरात येते, असा तो मास्टरप्लॅन. दुसऱ्याच उन्हाळ्यात गल्लीतल्या हातपंपानं हवा ओकली. जो मिल बंद पडल्यावरही कधी आटला नव्हता, तो. बायका रिकाम्या बादल्या घेऊन टँकरसाठी उभ्या राहू लागल्या, आणि समोर वसाहतीच्या फाटकात, बरोबर जिथे तलाव होता तिथे, कारंजं उडत होतं. तेही टँकरच्या पाण्यावर.

पुढे कुठल्याशा संस्थेची माणसं येऊन प्रकल्पाला पर्यावरणाचे गुण देऊन गेली. फाटकावर सौरदिवे, गुण. हिरवळ, गुण. कारंजं म्हणजे 'परिसरात पाण्याचा समावेश', त्याचेही गुण. दाराशी पितळी पाटी लागली. गुणांचं ते पत्रक कुणी भरलं होतं, हे विचारू नका. माझं अक्षर चांगलं आहे.

आणि त्या वसाहतीत मी फ्लॅट घेतला. तिसरा मजला, पश्चिमेची गॅलरी. वास्तुशांतीला सगळं गणगोत बोलावलं. सुनावणीनंतर आतोबा माझ्याकडे आले नव्हते. आत्यानं कसे आणले तिचं तिला माहीत. दुपारची वेळ, मे महिना. आतोबा उंबऱ्याच्या आत आले आणि सवयीनं पिशवीत हात गेला. भिंगरी पाहून मला इतका आनंद झाला की मी स्वतः पाण्याला धावलो. वाटी पुढे केली.

"कुठलं पाणी आहे?"

मी अलकाकडे पाहिलं. अलका खोटं बोलत नाही. "टँकरचं," ती म्हणाली.

आतोबांनी वात भिजवली नाही. भिंगरी कोरडीच फिरवली, बघितली, मिटली. "टँकरच्या पाण्यानं गीला मोजत नाहीत, सूनबाई," एवढंच त्यांनी सांगितलं. अलका म्हणाली, "आतोबा, चहा तरी घ्या." ते म्हणाले, "हवा झाली नाही बेटा, चहा कसा घेऊ?" आम्ही सगळे होमाकडे वळलो. ते मागे दारापाशी बराच वेळ चपला घालत होते, इतकंच मला आठवतं. दुसऱ्या दिवशी आम्ही चपलांचं नवं कपाट आणून त्या दारामागे ठेवलं.

आतोबा त्यानंतर तीन उन्हाळे जगले. गल्लीतल्या दारांमागे ओळी वाढवत राहिले. आकडे चढत गेले आणि त्यांचं बोलणं कमी होत गेलं. एका मेच्या दुपारी घरातल्या खाटेवर गेले. मी खांदा दिला. त्याला पात्रता तपासत नाहीत. गल्लीतल्या लोकांनी मला वाट करून दिली. त्यांच्यापैकी कुणाला ठाऊकही नव्हतं की तो हॉलमधला नकाशेवाला मीच. अंत्ययात्रा काचेच्या इमारतीमागून गेली तेव्हा यंत्रांची गरम फुंकर सगळ्यांच्या तोंडावर आली, त्यांच्याही.

आता माझी पन्नाशी उलटली आहे. स्वतःचं छोटं ऑफिस आहे. जागेची पाहणी मी श्रावणात करतो, चिखलात पँट दुमडून, आणि माझ्याकडची तरुण मंडळी हसतात की सर, उन्हाळ्यात केलं असतं तर बूट तरी वाचले असते. मी त्यांना कारण सांगत नाही. सांगितलं तर सगळंच सांगावं लागेल.

परवा दिवाळीच्या तोंडावर फ्लॅटला रंग काढायला घेतला. रंगारी आणि मी मिळून चपलांचं कपाट पहिल्यांदाच ओढलं. मागे भिंतीवर पेन्सिलीची एक ओळ होती. वास्तुशांतीची तारीख. 'सूखा', आणि पुढे आतोबांच्या तिरक्या हातातला आकडा. त्याच्याखाली 'गीला', आणि पुढे एकच शब्द: निरंक.

तो शब्द तिरक्या हातातला नव्हता. उभा, चौकोनी, एका मापाचा. शिरोरेघ पट्टीनं ओढल्यासारखी. त्या रविवारी त्यांनी पत्रकाकडे इतका वेळ का पाहिलं, ते मला इतक्या वर्षांनी कळलं. घरात माणसं भरलेली असताना, दाराआड वाकून त्यांनी माझं अक्षर हुबेहूब काढलं होतं.

अलका हात पुसत येऊन माझ्या मागे उभी राहिली. तिनं वाचलं.

रंगाऱ्यानं ब्रश बुडवला आणि थांबला. "साब, ये किसका लिखा है? पोत दूँ?"

"मेरा है," मी म्हणालो. "इतनी जगह छोड़ दो."